वीतभर गाडीची झडती

साल एक्क्याण्णव. मला तेविसावं चालू होतं आणि त्या पावसाळ्यात मी उद्यमनगरात ज्ञानू वस्तादांच्या शेडमध्ये गाड्यांना रंग मारत होतो. माझी शाळा चौथीपर्यंत. हे सगळं मी माझ्या हातानं लिहितोय, कुणाकडून लिहून घेत नाही, तेव्हा अक्षर वाकडं असलं तर असू दे. रंगात मात्र माझा हात वाकडा पडला असं कोल्हापुरात कुणी म्हणून दाखवावं. आता साठी दारात आली, गुडघे कुरकुरतात, थिनरचा वास छातीत कायमचा बसलाय. तरी रस्त्यानं गाडी गेली की तिचं कुठलं दार मागाहून रंगवलंय ते मी उन्हाच्या चमकेवरून सांगतो.

आमचं घर कसबा बावड्यात, साखर कारखान्याच्या अलीकडं. वडील कारखान्यात बॉयलरवर. गळीत चालू असलं की भोंग्यावर घर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं, आणि मळीचा वास उशीतसुद्धा यायचा. पावसाळ्यात कारखाना बंद, भोंगा बंद. मग घरात दोनच आवाज उरायचे, वडिलांचा खोकला आणि आईचं भाकरी थापणं. आई हुलग्याचं माडगं करायची, दाट, वरून लसणाची फोडणी. सकाळी तेच डब्यात घेऊन मी सायकलीवरून उद्यमनगर गाठायचो. संध्याकाळी दिवेलागणीला भिंतीवरल्या बुद्धाच्या तसबिरीपुढं आई मेणबत्ती लावायची, आम्ही तिघं हात जोडून वंदना म्हणायचो, आणि मग ती न चुकता विचारायची, "आज कुणी काय बोललं न्हाय न्हवं?"

ती असं का विचारायची ते सांगतो. वस्तादांकडं येण्याआधी मी दुसऱ्या एका शेडमध्ये होतो. नाव लिहीत नाही, त्यांची पोरंबाळं गावात आहेत. तिथं मालकाची परदेशी स्प्रे गन गहाळ झाली. आम्ही पाच कामगार होतो. झडती एकाचीच झाली. सदरा काढायला लावला, विजार झाडायला लावली, आणि शेवटी माझ्या डब्यातलं माडगं फरशीवर ओतून बघितलं. गन त्या डब्यात मावत नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. आठ दिवसांनी ती मालकाच्या मेव्हण्याच्या स्कूटरच्या डिकीत निघाली. मला बोलवायला माणूस आला. मी गेलो नाही.

वस्तादांकडं लागलो त्या पहिल्या दिवसापासून मी एक नेम धरला. संध्याकाळी निघताना त्यांच्या पुढं उभं राहायचं, सदऱ्याचा आणि विजारीचे दोन्ही असे तिन्ही खिसे उलटे करायचे, डबा उघडून दाखवायचा, आणि मग सायकलीला पाय लावायचा. वस्ताद शेतकऱ्याच्या घरातले, आडदांड, तोंडानं फटकळ, पण माणूस सरळ. पहिले चार दिवस बघत राहिले. पाचव्या दिवशी म्हणाले, "नामा, लेका, कुणी मागितलंय तुझ्याकडं?"

"मागायच्या आधी दावतोय."

"मला लाज वाटती की रं."

"मग तिकडं तोंड करा."

ते खरोखरच तिकडं तोंड करायला लागले. मी खिसे उलटे करायचो आणि ते भिंतीकडं बघत बिडी ओढायचे. असं वर्षभर चाललं. त्यांनी मला एक शब्द दिला होता, की दिवाळीनंतर मागची दुसरी शेड उभी राहिली की ती माझ्या ताब्यात. पेंटर आणि मिस्त्री ह्यात काय फरक असतो ते ज्यानं दोन्ही बघितलंय त्यालाच कळेल.

पावसाळ्यात रंगाचं काम बसतं. हवा ओली असली की लॅकर सुकता सुकता पांढरं पडतं, आरशावर वाफ धरावी तसं. त्यामुळं शेडमध्ये एक ॲम्बेसिडर घासून पडली होती आणि आम्ही ढगांकडं बघत बसलो होतो. अशा एका दुपारी एक म्हातारा आत आला. खाकी विजार, डोळ्यांवर साय धरल्यासारखी, डाव्या हाताची करंगळी अर्धी. हातात छत्री, काखेत पिशवी, पिशवीत कापडात बांधलेलं पुठ्ठ्याचं खोकं. त्यानं वस्तादांकडं बघितलंच नाही. शेडमधल्या ॲम्बेसिडरच्या दारावरून पालथा हात फिरवला आणि विचारलं, "हे कुणी घासलंय?"

"म्या," मी म्हणालो.

"मग माझं काम तूच कर."

खोक्यात एक गाडी होती. वीतभर लांब, प्लास्टिकची, मागं माशाच्या शेपटीसारखे दोन पंख. ह्या गाड्या परदेशात सुट्या भागांत मिळतात, चौकटीला चिकटलेले बारीक बारीक भाग कापून काढायचे आणि डिंकानं जोडायचे, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी ती खेळणंच समजलो. अर्धी जोडलेली, डिंक पिवळा पडून उललेला, तांबडा रंग पोपडे धरलेला, एक चाक नाही, आणि चौकटीत अजून न कापलेले आठ-दहा भाग. म्हाताऱ्यानं मला काय काय करायचं ते सांगितलं, आणि ते ऐकूनच माझ्या मनात पहिला खडा पडला. स्टेअरिंग डावीकडं होतं, ते उजवीकडं आणायचं. रंग खाली मोतिया, वर तांबडा, पण भडक नव्हे, विटेसारखा. टपावर सामानाचा कॅरिअर. मागच्या काचेला हिरवा पडदा, बारीक फुलांचा. आणि पुढचा डावा दिवा उजव्यापेक्षा पिवळा.

"पिवळा कशाला?"

"तो पिवळाच हुता."

"पावणं, नाव काय तुमचं? लिवून ठेवतो."

"नाव कशाला पायजे? मी येतो की दर शुक्रवारी. जयसिंगपुरास्नं येतोय."

तो गेल्यावर मी त्याची जागा बघितली. तो बसला होता तिथं छत्रीचं पाणी साचून थारोळं झालं होतं. त्या आठवड्यात कोल्हापुरात भुरभुरसुद्धा नव्हती आणि जयसिंगपूरकडून आलेल्या ट्रकचे टप कोरडे ठणठणीत होते. मी वस्तादांना म्हणालो, "ह्यो खोटं बोलतोय."

"बोलू दे की. बसून माश्या मारण्यापरीस कर."

मी काम धरलं. तो खोटं का बोलतोय ते आपल्याला काय करायचंय? दुसऱ्याचं काम घेतलं की ते नीट करायचं, आणि तसल्या कामाची मला भूलही पडली होती, ते लपवत नाही. पहिल्यांदा जुना रंग काढायचा. पेंटरचा हात थिनरकडं जातो. मी शहाणपणा एवढाच केला की आधी चौकटीचा तुकडा थिनरमध्ये बुडवला. पाच मिनिटांत तो गुळाच्या पाकागत ओघळला. मग आठवलं, ब्रेक ऑइल सांडलं की चांगल्या गाडीचा रंग सोलपटून निघतो, ते आमचं रोजचं भांडण मेकॅनिक लोकांशी. तुकड्यावर बघितलं, प्लास्टिकला काही होईना. अख्खी गाडी दोन दिवस ब्रेक ऑइलमध्ये ठेवली. तिसऱ्या दिवशी रंग उकडलेल्या रताळ्याच्या सालीसारखा निघाला.

रंग निघाल्यावर खालची बाजू उघडी पडली. तिथं वाळलेल्या डिंकात बोटांचे ठसे होते. दोन तऱ्हेचे. एक मोठा, रुंद, अंगठ्याचा. त्याच्या शेजारी दोन-तीन लहान, पोराच्या बोटाचे. मी ते बघितले. आणि वॉटर पेपर भिजवून घासून काढले. रंगाच्या खाली बोटाचा ठसा ठेवायचा नाही ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. तेवढं घासणं मी आयुष्यात केलं नसतं तर बरं झालं असतं.

पुढचा शुक्रवार आला, म्हातारा आला. छत्री परत निथळत होती. त्यानं पिशवीतून नाचणीचं एक गाठोडं काढून माझ्यापुढं ठेवलं. "तुझ्या आईला दे." मी स्टेअरिंग कापून उजवीकडं बसवलं होतं. त्यानं गाडी डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन, जवळजवळ पापण्या घासतील अशी धरून बघितली. "मागल्या शिटवर डाव्या अंगाला कातडं उसवल्यालं हुतं," म्हणाला, "पण त्ये राहू दे. आपुन चांगलं दाखवू." तेवढ्यात एक पांढरी गाडी शेडच्या तोंडाशी येऊन थांबली. भाव विचारायला कुणी मोठा माणूस आला होता. म्हातारा उठला आणि कॉम्प्रेसरच्या मागं जाऊन उभा राहिला. गाडी जाईपर्यंत हलला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "वारं लागत हुतं."

कॉम्प्रेसरच्या मागं वारं. मी वस्तादांकडं बघितलं, त्यांनी भिंतीकडं बघितलं.

नाचणी घरी नेली. आईनं ओंजळीत घेतली, वास घेतला, एक दाणा दाताखाली फोडला. "ही कुठली म्हणालास?"

"जयसिंगपूर."

"तितं ऊस आन् तंबाखू. ही घाटावरची नाचणी हाय. गगनबावड्याची. माझ्या मावशीकडली अशीच यायची." तिनं नाचणी परत गाठोड्यात ओतली. "आन् त्यो पावणा तुझ्याकडनं काय करून घेतोय?" मी पडद्याचं कापड मागायला खोकं घरी आणलं होतं. तिनं गाडी बघितली, हात लावला नाही. "दुसऱ्याची असली चीज आपल्या घरात एक रात बी नगं. उद्या कुणी आलं तर पैल्यांदा हितंच बघत्यात." वडील कोपऱ्यातून खोकत म्हणाले, "त्येला काम करू दे." आईनं ऐकलं नाही. पण तिच्या जुन्या लुगड्याचा हिरवा तुकडा मात्र तिनं फाडून दिला. मी खोकं सायकलीला बांधून परत उद्यमनगरात नेऊन ठेवलं आणि मग जेवायला आलो.

तरी हात थांबला नाही. कॅरिअर मी क्लचच्या केबलमधली एकेक तार सोडवून, डाख देऊन केला. हरवलेल्या चाकाला इंजेक्शनच्या बाटलीचं रबरी बूच कातून बसवलं. मोडलेला पंख लांबीची पुट्टी भरून, घासून असा उभा केला की सांधा मलाच सापडेना. बंपरला सिगारेटच्या पाकिटातली चांदी नखानं घोटून चिकटवली. रंगाला लॅकर चालत नव्हतं, प्लास्टिक खातं. मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला ऑइल पेंट. मोठ्या गननं पहिल्यांदा फुंकलं तर गाडी टेबलावरून उडून ॲम्बेसिडरच्या खाली गेली आणि वस्ताद पोट धरून हसले. "ब्रेक न्हाय वाटतं." मग टचअपच्या लहान गननं, हात लांब धरून, धुक्यासारखे सहा हात दिले. आज गाड्या बंद खोलीत रंगवतात आणि भट्टीत भाजतात. भाजू देत. तसला विटकरी रंग त्यांच्या भट्टीतून निघत नाही.

आणि हे सगळं करताना डोक्यात भुंगा होता. गरीब माणसाकडं परदेशी चीज. नाव सांगत नाही. गाव खोटं सांगतो. मोटार आली की लपतो. एका बुधवारी मी ते केलं जे करायला नको होतं. खोक्याच्या झाकणावर गाडीचं चित्र होतं, आणि चित्राच्या खाली एक पांढरा कागद चिकटवलेला होता, सगळ्या बाजूंनी, नेटका, मुद्दाम. मी वाफेवर झाकण धरलं आणि नखानं तो कागद उचलला. खाली निळ्या शाईत पोराचं अक्षर. मी एकेक अक्षर लावून वाचलं. विक्रम, इयत्ता पाचवी, मग बंगल्याचं नाव, नागाळा पार्क, कोल्हापूर, महाराष्ट्र, भारत, पृथ्वी. त्याच्याखाली, कुणीही हात लावू नये. माझ्यापेक्षा एक इयत्ता पुढं होता तो.

मी वस्तादांना झाकण दाखवलं. ते बघून म्हणाले, "परवा पावणा आला की खोकं त्येच्या हातात दे. इषय संपला. आपुन कुठं चोरलंय?"

"तुमचा संपतोय, वस्ताद. झडती कुणाची हुईल?"

वस्तादांनी झाकण परत माझ्या हातात दिलं. पोलीस आले असते तर शेडमध्ये आम्ही दोघं होतो, आणि त्या दोघांत कुणाचं माडगं फरशीवर गेलं असतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मागची शेड, दिवाळी, मिस्त्रीपण, सगळं त्या वीतभर गाडीवर टांगलंय असं मला दिसायला लागलं. मी ठरवलं की आधी आपणच जाऊन सांगायचं. खिसे मागायच्या आधी उलटे करायचे.

गुरुवारी दुपारी नुसतं झाकण पिशवीत घालून मी नागाळा पार्कात गेलो. बंगला सापडला. व्हरांड्यात एक बाई चष्मा लावून पेपर वाचत होत्या, साठीच्या असतील. मी पायरीच्या खाली उभा राहून सांगितलं की असं असं खोकं आमच्याकडं दुरुस्तीला आलंय, त्याच्यावर इथला पत्ता आहे, ते चोरीचं वाटतंय म्हणून कळवायला आलोय.

त्यांनी झाकण हातात घेतलं. ते अक्षर बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "हे विक्रमचं. तो आता परदेशात असतो. तुझं नाव काय?"

"नामदेव."

"पूर्ण नाव."

मी सांगितलं. आडनाव ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला. "हे तुझ्याकडे कसं आलं?"

"सांगितलं की बाई, एक म्हातारा घेऊन आला. डावी करंगळी अर्धी हाय."

"परशुराम," त्या म्हणाल्या. "आमचा ड्रायव्हर होता. आमची मोटार विकली तेव्हा हत्यारांचा डबा सापडला नाही, तेव्हाच काढला त्याला. वीस वर्षं झाली." मग परत माझ्याकडं बघून, "आणि पिशवीत अजून काय आहे?"

मी सांगायला गेलो होतो. चोर पकडून द्यायला गेलो होतो. आणि बाई मलाच पिशवी उघडायला सांगत होत्या. त्या क्षणी मला त्या शेडची फरशी दिसली, ओलं माडगं आणि त्यातला लसूण. मी पिशवी उघडली. रिकामी होती. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "झाकण राहू दे इथं. कुठलं गॅरेज?" मी सांगितलं. "शनिवारी सकाळी माणूस पाठवते. गाडी त्याच्याकडे दे. आणि तो कुठे राहतो?"

"मला म्हाईत न्हाय," मी म्हणालो. गगनबावडा तोंडावर आला होता. का गिळला ते तेव्हा माझं मलाच कळलं नाही.

शुक्रवारी म्हातारा आला. छत्री निथळतच होती. गाडी मी टेबलावर कापडाखाली ठेवली होती आणि खोकं बाजूला. त्यानं आधी खोक्यावरून हात फिरवला. डोळ्यांपेक्षा हातानंच बघायचा तो. हात थांबला.

"झाकाण?"

मी म्हणालो, "परशुराममामा, बसा."

नाव ऐकल्यावर तो बाकडं चाचपत बसला. वस्तादांनी पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला. मी सगळं सांगितलं, कागद उचलला ते, बंगल्यावर गेलो ते, उद्या सकाळी माणूस येणार ते. काही ठेवलं नाही. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. त्यानं अर्धा तांब्या पाणी प्यायलं आणि म्हणाला, "गाडी झाली न्हवं? मग दाव की."

मी कापड काढलं. त्यानं गाडी उचलून डोळ्यांशी नेली आणि हळूहळू फिरवली. स्टेअरिंग. पडदा. कॅरिअरच्या तारा एकेक बोटानं मोजल्या. पंखावरून अंगठा फिरवला, सांधा शोधायला, आणि त्याला तो सापडला नाही. मग पुढचा भाग डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाला, "डावा दिवा वाईच आणि पिवळा पायजे."

वस्ताद म्हणाले, "म्हाताऱ्या, उद्या गाडी जातीया आन् तुला दिव्याची पडलीया?"

"मग काय चुकीचा दिवा घिऊन जाऊ दे?"

मी पिवळ्या रंगाचा डबा उघडला. काडीच्या टोकाला कापूस लावून डाव्या दिव्यावर एक थेंब दिला. दिवा वाळेपर्यंत तो बोलत होता. मी तिकडं न बघता ऐकत होतो. तसल्या मोठ्या गाड्या कोल्हापुरात दोन-तीनच होत्या, म्हणाला, त्यातली एक तो चालवायचा. डावा दिवा फुटला तेव्हा तसला मिळेना म्हणून ट्रकचा बसवला, तो पिवळा. पडदा त्याच्या बायकोनं शिवला. विक्रमच्या मामानं परदेशातून हे खोकं धाडलं, आणि दुपारच्या वेळी मोठी गाडी धुऊन झाली की गॅरेजात बसून दोघांनी मिळून लहान गाडी जोडायला घेतली. अर्धी झाली आणि मालकांनी मोठी गाडी विकली. "गेटातनं निघालो तर पोरगं पळत आलं आन् खोकं पिशवीत कोंबलं. कुणाला सांगू नगंस म्हणालं. न्हाय सांगितलं. वीस वर्सं माळ्यावर हाय. कुणाला दाखवली असती तर काय म्हणाले असते? डबा बी ह्येनंच नेला म्हणाले असते. आता डोळं चाललं. दिवाळीपातूर जातील म्हणतोय डाक्टर. म्हटलं, एकदा बघावी, होती तशी."

मी काडी खाली ठेवली. "खरं सांगा मामा. पोरानं दिली, का तुमी उचलली?"

तो माझ्याकडं वळला. राग नव्हता तोंडावर. "काय सांगितलं म्हंजे तुला पटंल त्ये तू सांग. त्येच सांगतो."

त्यानं पिशवी माझ्यापुढं बाकड्यावर ठेवली आणि खाकी विजारीचा खिसा बाहेर काढायला हात घातला, न सांगता, सवयीचा असल्यासारखा. एक खिसा उलटा झाला. त्यातून गगनबावड्याचं एसटीचं तिकीट खाली पडलं.

"ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो. "मामा, ऱ्हाऊ द्या."

मी गाडी कापडात गुंडाळली, खोक्यात ठेवली, झाकणाच्या जागी पुठ्ठा बांधला आणि खोकं त्याच्या पिशवीत घातलं. तिकीट उचलून त्याच्या खिशात ठेवलं. तो उठताना म्हणाला, "तुझं काय हुईल?" मी म्हणालो, "तुमची एसटी चुकंल." म्हातारा गेला. संध्याकाळी घरी जाताना मी वस्तादांपुढं उभा राहिलो, ते भिंतीकडं वळले, आणि मी खिसे न उलटता तसाच सायकलीवर बसून निघालो. त्यांनी वळून बघितलं असेल. मी बघितलं नाही.

लोकांना आवडेल म्हणून मी लिहिलं की मी त्याच्यावर विश्वास ठेवला, तर ते खोटं होईल. मी फक्त झडती घेतली नाही. डिंकातला मोठा अंगठा त्याचा असेल, पोराच्या बापाचा असेल, मामाचा असेल. बघायला गेलो असतो तर अंगठा शेजारी ठेवून बघता आला असता, पण तो ठसा मीच घासला होता. आजही चांगलं काम बघितलं की मला आधी शंका येते आणि मग आनंद होतो. स्वभाव झाला तो. म्हातारा परत कधी आला नाही. गगनबावड्याला जायला मला कुणी अडवलं नव्हतं, तरी मीही गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ऊन पडलं होतं. मी ॲम्बेसिडरच्या बॉनेटला शेवटचा हात घासत होतो तेव्हा बंगल्याचा कारभारी आला, इस्त्रीचे कपडे, काखेत ते झाकण. "गाडी दे."

"न्हाय. ज्याची हुती तो घेऊन गेला."

"कुणाची होती ते तू ठरवणार?" तो शेडमध्ये फिरला, रंगाचे डबे हलवले, कॉम्प्रेसरच्या मागं वाकून बघितलं, माझ्या जेवणाच्या डब्याचं झाकण उचललं. "कुठे राहतो तो परशुराम?"

"जयसिंगपूर," मी म्हणालो.

त्यानं वहीत लिहून घेतलं. मग माझ्याकडं वळला. "खिसे दाखव."

वस्ताद चहाचा ग्लास हातात घेऊन उठले आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले. "त्येचं खिसं रोज मी बघतोय," ते म्हणाले. "तुमाला कशाला दावायचं?"

माझ्या खिशात काडेपेटी आणि अर्धी बिडी होती. मी वॉटर पेपर बादलीत बुडवला, पाणी निथळू दिलं आणि बॉनेट घासायला बसलो.